चार अंशांचा कल

ओळंबा वाकडा लटकत होता. पितळी लंबक, पोटाशी फुगीर, टोकाशी निमुळता, एकतीस वर्षं माझ्या पिशवीत असलेला. तो आपल्या जागी शांत लोंबत होता आणि त्याची दोरी मला डावीकडे गेलेली दिसत होती. मी खिडकीकडे पाहिलं, ती बंद होती. पंखाही बंद होता. लंबक बोटाने थांबवला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. माझ्यामागे मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली असावीत, पण उभं राहण्याची पद्धत अजून वर्गातली होती. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात मी सकाळपासून न्हाणीघराच्या दाराची नवी चौकट बसवत होतो, आणि पाचरी ठोकून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, चौकट उजवीकडे झुकलीय." ओळंबा मी त्यांची समजूत काढायला म्हणून बाहेर काढला होता. एरवी तो मी गिऱ्हाइकांसाठीच बाळगतो, मला स्वतःला लागत नाही. याची नजरच ओळंबा आहे असं लोक म्हणतात, म्हणजे म्हणायचे, आणि मीही नको नको म्हणत ते पोटभर ऐकून घ्यायचो. आता बाई दोरी आणि चौकट यांच्यामधल्या फटीकडे बोट दाखवत होत्या. वर फट नव्हती, खाली दोन बोटं होती. फट मलाही दिसत होती. पण त्या दोघांत सरळ कोण, असं कुणी मला विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून चौकटीकडे बोट केलं असतं.

दोरीला पीळ पडला असेल, असं मी आधी मनाशी म्हटलं. मग लंबक कुठेतरी आपटला असेल. मग इमारतच कलली असेल. पृथ्वीच्या ओढीतच काही बिघडलं असेल इथपर्यंत मी गेलो, पण बिघाड माझ्यात असेल हे मनात यायला वेळ लागला. "मी पस्तीस वर्षं फळ्यावर रेघा मारल्यात हो," बाई मागून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट थोडी काळजीच होती. तेच मला लागलं. रागावलेल्या गिऱ्हाइकाशी भांडता येतं. मी म्हणालो, "उद्या येऊन सरळ करतो," आणि पटाशी, हातोडी, करवत एकेक करून पिशवीत भरली. जिना उतरताना माझा हात आपोआप भिंतीला गेला. चार मजले मी भिंत सोडली नाही. वाटेत एक बाई पिशव्या घेऊन वर येत होती, तिने मला वाट दिली आणि नाक किंचित आक्रसून वास घेतला. दारूचा वास येत नाही म्हटल्यावर तिला आणखीच विचित्र वाटलं असावं.

त्याआधी दोन महिने मी एका प्रयोगशाळेत तिरका झोपलो होतो. उताणा झोपलो होतो म्हटलं तर कुणाला काही वाटणार नाही, पण हा उतार डोक्याकडे होता: पलंगाची पायाकडची बाजू उचललेली, उशाकडची उतरलेली, सहा अंशांनी. सहा अंश म्हणजे काही फार नव्हे. त्या उतारावर हातगाडी सोडली तर ती आपोआप चालू लागेल, एवढंच. अंतराळात वजन नाहीसं झालं की माणसाच्या अंगाचं आणि मेंदूचं काय होतं ते जमिनीवर राहून तपासायचं, त्याची ही युक्ती होती. वजन कुणाला काढून टाकता येत नाही. पण असं निजवून ठेवलं की रक्तपाणी डोक्याकडे येतं, पायांना काम उरत नाही, आणि चार दिवसांनी मेंदूलाच कळेनासं होतं की हा माणूस उभा आहे, आडवा आहे की पडतोय. साठ दिवस उठायचं नाही. जेवण तिरकं, अंघोळ तिरकी, बाकीचंही सगळं तिरकं. कुशीवर वळा, कोपरावर टेका, पण एक खांदा सतत गादीला लागलेला हवा, हा नियम. वर आणि खाली हे शब्द तिथे कुणी वापरत नसे, कारण कुणाला काय म्हणायचंय ते कळत नसे. "डोक्याकडे सरका," "पायाकडे सरका," असं म्हणायचे. निवड करताना त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला हे का करायचंय? मी म्हणालो, विज्ञानासाठी. शेजारच्या पलंगावरचा बस ड्रायव्हर म्हणाला, तोही तेच म्हणाला होता. "आणि खरं काय?" मी विचारलं. "खरं म्हणजे वीस वर्षं बसलो होतो, म्हटलं आता जरा झोपू," तो म्हणाला.

माझं खरं काय ते मी त्याला सांगितलं नाही. माझ्या घरात चार वर्षं मी एकटा राहत होतो. संध्याकाळी आल्यावर पिशवी ठेवल्याचा आवाज व्हायचा, आणि मग पुढचा आवाज मीच करेपर्यंत काही नाही. मी रेडिओ लावून पाहिला. भिंतीवर एक घड्याळ लावलं, ते इतकं मोठ्याने वाजायला लागलं की आठवड्यात काढून टाकलं. सकाळी गिऱ्हाइकाशी पहिला शब्द बोलताना घसा खाकरावा लागायचा, कारण आदल्या संध्याकाळपासून तो वापरलेला नसायचा. अशा माणसाला कुणी म्हटलं की दोन महिने आमच्याकडे पडून राहा, आम्ही दिवसातून तीनदा येऊन तुम्हाला कसं वाटतंय ते विचारू आणि तुम्ही सांगाल ते लिहून घेऊ, तर तो काय सहा अंशांना घाबरणार आहे? कसं वाटतंय, असं विचारायला एक मुलगी यायची. तिचं काम मापं घेण्याचं, म्हणून ड्रायव्हर तिला मोजणीबाई म्हणायचा. तोंड सुजलंय, नाक चोंदलंय, पाठ दुखतेय, पायांच्या पोटऱ्या सैल पडल्यात. जे सांगू ते ती गंभीरपणे लिहून घ्यायची. पहिल्या आठवड्यात मी एका वाक्यात उत्तर द्यायचो. चौथ्या आठवड्यात मी इतका बोलायला लागलो की ती हसून म्हणाली, "मिस्त्रीकाका, एवढी जागा नाहीये कागदावर." मला लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेवढंच बोललो.

निजण्याआधी आमची नजर तपासली होती. एका काळ्या डब्यात तोंड घालायचं, आत मिट्ट काळोख, आणि समोर एकच उजळ रेघ, आडवीतिडवी. हातातली खुंटी फिरवून ती रेघ बरोबर उभी करायची. वीस वेळा. माझी चूक सरासरी एक दशांश अंश निघाली. मोजणीबाईने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, दुसऱ्या एकाला बोलावून आणलं, पुन्हा वीस वेळा. पुन्हा तेवढीच. "काका, तुम्ही माणूस आहात ना?" ती म्हणाली. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता. घरी जाऊन हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि कुणाला ते लगेच कळलं, आणि आनंद जिथल्या तिथे थांबला.

तिला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिच्याकडे जाऊन मी म्हणणार काय, की तू म्हणायचीस घर फिरतंय, तर बघ, आता विज्ञानानेही सांगितलं की माझी नजर पक्की आहे? तिचा त्रास अकरा वर्षांपूर्वी सुरू झाला. ओट्याशी उभी असताना ती एकदम दोन्ही हातांनी ओटा धरायची. आधी म्हणायची, जरा गरगरलं. मग म्हणायची, घर फिरतंय. मग एका सकाळी पलंगावर बसल्याबसल्या ती म्हणाली, "मला कुणीतरी ओततंय हो." मी हसलो. "तू काय पाणी आहेस?" म्हणालो. डॉक्टरने कान तपासला, गोळ्या दिल्या, काही सापडलं नाही, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "जरा त्यांच्या कलाने घ्या." कलाने घेणं मला कधी जमलं नाही. लाकूड वाकलं असेल तर मी ते सरळ करतो, त्याच्या कलाने घेत बसत नाही. आणि घर मी स्वतः दुरुस्त केलेलं, त्यातली प्रत्येक चौकट, प्रत्येक फळी माझ्या हातची. घर फिरतंय हे मला, खोटं कशाला बोलू, माझ्या कामाला नाव ठेवल्यासारखं वाटायचं. म्हणून एके दिवशी, ती पलंगाची कड धरून डोळे मिटून बसलेली असताना, मी पिशवीतून ओळंबा काढला, छताच्या तुळईला बांधला आणि तिच्यासमोर सोडला. "डोळे उघड," मी म्हणालो. "बघ. दोरी बघ आणि भिंत बघ. केसाएवढा फरक नाही. घर सरळ आहे." तिने डोळे उघडले. बराच वेळ दोरीकडे पाहिलं. तिला खरंच बघायचं होतं, माझं म्हणणं खरं निघालं तर तिलाही हवंच होतं, हे मला आत्ता कळतं. मग ती म्हणाली, "दोरीपण फिरतेय." आणि मी म्हणालो, "नाटकं पुरे झाली."

त्यानंतर घर फिरतंय असं तिने मला पुन्हा कधीच सांगितलं नाही आणि मला वाटलं, बरी झाली. ती भिंतीच्या कडेकडेने चालायची, ते मला दिसायचं. पण माणसाला दिसतं ते सगळं तो बघतोच असं नाही. पुढे एका दुपारी मी जेवायला आलो तर पाटावर झाकून ठेवलेलं ताट होतं आणि ती दारात चपला घालून उभी होती. "ताईकडे राहते थोडे दिवस," ती म्हणाली. थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर राहायची. भांडण नाही, रडणं नाही. मी तिची पिशवी बसपर्यंत नेऊन दिली. थोडे दिवस म्हणजे किती ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही, आणि त्याला चार वर्षं झाली. सणावाराला फोन. तब्येत बरी का? बरी. तुमची? बरी.

प्रयोगशाळेतल्या पाळण्याबद्दल सांगायला हवं. पाळणा हे ड्रायव्हरने ठेवलेलं नाव. आमच्यातल्या निम्म्या लोकांना रोज अर्धा तास त्यात फिरवायचे: एका लांब दांडीवर उताणं बांधायचं, डोकं मधल्या खांबाजवळ, पाय बाहेर, आणि गरगर फिरवायचं. पायांवर दुप्पट वजन येतं, डोक्यावर जवळजवळ काहीच नाही. हरवलेलं वजन असं कृत्रिम देऊन मेंदू शुद्धीवर राहतो का, ते त्यांना बघायचं होतं. गमतीची गोष्ट अशी की आत फिरतोय हे कळतच नाही. थोड्या वेळाने वाटतं, आपण निवांत उभे आहोत, कितीतरी दिवसांनी. फक्त एक नियम: मान वळवायची नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. बत्तिसाव्या दिवशी, दांडी पूर्ण वेगात असताना, उजव्या बाजूच्या स्पीकरमधून मोजणीबाईचा आवाज आला, "मिस्त्रीकाका, कसं वाटतंय?" आणि कुणी आपली चौकशी केली तर त्याच्याकडे बघून उत्तर द्यावं, या साध्या सवयीने मी मान वळवली.

अंगाखालचा पाळणाच पायाकडून उचलला गेल्यासारखं झालं. मी डोक्यावरून पुढे, खाली, पुन्हा पुढे असा कोसळत राहिलो आणि कोसळणं संपेना. पट्टे होते म्हणून, नाहीतर मी उडी मारली असती, कुठे ते माहीत नाही. दांडी थांबली तरी माझं थांबलं नाही. सगळे धावत आले. मी काहीतरी ओरडत होतो म्हणे. काय ओरडत होतो ते मोजणीबाईने लिहून घेतलं होतं, कारण ते तिचं कामच होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा तिने कागदावरून वाचून दाखवलं: "मला ओततायत." तिला तो शब्द कळला नव्हता. "म्हणजे काय हो काका?" तिने विचारलं. मी भिंतीकडे तोंड केलं. शेजारून ड्रायव्हर म्हणाला, "जाऊ द्या, मोजणीबाई, आज त्यांची गाडी घसरलीय." त्या दिवशी मी रडलो. आणि उतार डोक्याकडे असल्यामुळे पाणी गालांवरून न येता कपाळावरून केसांत गेलं, हे मला आठवतं.

मुख्याध्यापिका बाईंच्या घरून मी तडक प्रयोगशाळेत गेलो. उठवल्याला तीन आठवडे झाले होते. महिनाभर काम करू नका असं सांगितलं होतं, ते मी ऐकलं नव्हतं. काळा डबा, उजळ रेघ, वीस वेळा. मोजणीबाईने आकडा बघितला आणि या वेळी ती थेट डॉक्टरांना बोलवायला गेली. तिथल्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं. "तुमचा कल उजवीकडे चार अंश आहे," ते म्हणाले. कल हा शब्द त्यांनी सहज वापरला, मी मात्र दचकलो. कानाच्या आत बारीक कण असतात, त्यांच्या वजनावरून मेंदूला खाली कुठे ते कळतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. दोन महिने ते कण भलतीकडेच ओढले गेले. मेंदूने मग कानांची साक्ष मानायची सोडून दिली आणि आपली नवी उभी रेघ ठरवली. उजेडात भिंती-खिडक्या मदत करतात म्हणून चूक कमी दिसते, अंधारात पूर्ण. पाळण्यातल्या त्या प्रकाराने भर पडली असेल, नसेल. "पण घाबरू नका," ते म्हणाले, "येईल जागेवर. तीन-चार आठवड्यांत पूर्ण. मेंदू काही सुतारासारखा हट्टी नसतो." मी हसलो. नजर परत येणार, म्हणजे पोट परत येणार, नाव परत येणार. बसमध्ये बसेपर्यंत मी खूश होतो. बस निघाली, वळली, मी समोरची दांडी घट्ट धरली, आणि एकदम लक्षात आलं की माझ्याजवळ तीन-चार आठवडेच आहेत.

कारण मी स्वतःला ओळखतो. चार अंश वाकडा असलेला मी बायकोला सांगू शकत होतो, की तू म्हणत होतीस ते खरं होतं, दोरी फिरते, मी पाहिलं. सरळ झालेला मी ते सांगेन का? पाळण्यातलं कोसळणं पहिल्या आठवड्यात नुसतं आठवलं तरी हात गार पडायचे. आता ते शब्दांत आठवत होतं, अंगात नाही. रोज थोडं थोडं ते माझ्यातून निघून जात होतं आणि लोक त्याला सुधारणा म्हणत होते. तिच्याकडे जायचं तर बरं वाटायच्या आत जायला हवं होतं. रविवारी जाऊ असं ठरवलं. रविवारी वाटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि काय न्यावं ते सुचेना. पुढच्या सोमवारी डब्यात तोंड घातलं, चूक तीन अंश. मोजणीबाई म्हणाली, "छान." मी घरी येऊन हातांची घडी घालून बसून राहिलो. मी तिला काय म्हणून हाक मारायची, दार बहिणीने उघडलं तर काय सांगायचं, यातच आठवडा गेला. एकदा मी तिच्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलोसुद्धा, आणि अर्ध्या वाटेत एका चौकटीच्या दुकानासमोर उतरून तास-दीड तास लाकूड बघत उभा राहिलो. सोमवारी दीड अंश. मी खुंटी मुद्दाम जरा उजवीकडे फिरवून पाहिली, अगदी थोडी. हाताला ते जमेना. हाताला रेघ जिथे सरळ दिसत होती तिथेच तो थांबला, आणि मला माझ्या हाताचा राग आला. मुख्याध्यापिका बाईंची चौकट मधल्या काळात मी सरळ करून दिली होती, ओळंब्याच्या भरवशावर, स्वतःच्या डोळ्यांना गप्प बसवून. त्या आठवड्यात त्यांच्याच शेजारच्या घरी काम निघालं आणि मी पाहिलं तर दोरी आणि चौकट मला जवळजवळ एकसारखी दिसली. बाईंनी मान डोलावली. मला कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं.

चौथ्या सोमवारी शून्य आलं. शून्य पूर्णांक एक, पूर्वीइतकंच. मोजणीबाईने टाळी वाजवली, डॉक्टरांनी हात मिळवला, आता यायची गरज नाही म्हणाले. मोजणीबाईने शेवटचा कागद काढला, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मी म्हणालो, "बरं." तिने एक शब्द लिहिला. बाहेर आलो तर सगळे रस्ते, इमारती, खांब आपापल्या जागी ताठ उभे होते. किती दिवसांनी मी भिंत न धरता चाललो. आणि तशाच अवस्थेत, अगदी तोल सांभाळून, मी तिच्या बहिणीकडे जाणारी बस पकडली. उशीर झाला होता म्हणूनच मी गेलो असेन. आता जाऊन काही उपयोग नाही म्हटल्यावर माझी भीती गेली.

दार बहिणीने उघडलं. "सापडला का रस्ता?" त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेल्या. समोरच्या खोलीत ती खुर्चीत बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. केस बरेच पांढरे झाले होते. खोलीतलं सगळं सामान भिंतींना लावलेलं, मधे काही नाही, आणि दारापासून खुर्चीपर्यंत भिंतीवर हाताला धरायला एक लाकडी पट्टी ठोकलेली. खिळे वाकलेले, जोड उघडा पडलेला, रंधाही मारलेला नव्हता. "ही कुणी ठोकली?" मी विचारलं. चार वर्षांनंतर हे माझं पहिलं वाक्य. "ताईच्या जावयाने," ती म्हणाली. "कुसळं लागतात. पण धरता येते." एकतीस वर्षं मी लोकांच्या घरांत जिने आणि कठडे बसवले होते. मी पट्टीवरून हात फिरवला आणि खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसलो.

"तुमच्या त्या प्रयोगशाळेतून फोन आला होता," ती म्हणाली. "जवळचं माणूस म्हणून माझा नंबर दिलात म्हणे."

"कुणाचा तरी द्यावा लागतो."

"काय केलं त्यांनी तुमचं?"

मी सांगायला लागलो. तिरकं निजणं, काळा डबा, पाळणा. मान वळवल्यावर काय झालं तेही सांगितलं. ती घडी घालायची थांबली होती. मी म्हणालो, "उठल्यावर ओळंबा वाकडा दिसायला लागला. चौकट चुकली माझी." इथपर्यंत सगळं खरं होतं. "अजून दिसतो?" तिने विचारलं. आणि ज्या माणसाने जन्मात मापात खोटं सांगितलं नव्हतं तो मी म्हणालो, "दिसतो. आधी चार अंश होतं. आता दोन आहे."

"त्यांनी मोजलं?"

"मोजलं. दर सोमवारी मोजतात."

ती मांडीवरच्या कपड्याकडे बघत राहिली. "माझं कुणी मोजलंच नाही," ती म्हणाली.

आत बहीण भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. मग तिनेच विचारायला सुरुवात केली. कुशीवर वळताना जास्त होतं का? मान वर करून फडताळात बघितलं की? डोळे मिटल्यावर थांबतं की वाढतं? मी आठवून आठवून उत्तरं दिली, आणि आठवेना तिथे तिचीच अकरा वर्षांपूर्वीची वाक्यं आठवून सांगितली. तिचा चेहरा बदलत गेला. आपल्या गावचं माणूस परमुलखात भेटावं तशी ती बोलत होती. "जमिनीकडे बघून चालायचं नाही," ती म्हणाली. "लांब काहीतरी धरून ठेवायचं नजरेत. वळायचं असेल तर आधी डोळे वळवायचे, मग मान, मग अंग. उभे राहा बरं. पाय एकमेकांपासून जरा लांब ठेवा, असे. मी हे सगळं माझं मीच शिकले." मी उभा राहिलो. तिने सांगितलं तसा वळलो. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि ती मला पहिल्यांदाच काहीतरी शिकवत होती, किंवा मी पहिल्यांदा शिकत होतो.

"त्या दिवशी मी चुकलो," मी म्हणालो. "तू खरं सांगत होतीस."

"स्वतःला झालं तेव्हा कळलं."

"हो."

"झालंच नसतं तर?"

याला एकच खरं उत्तर होतं आणि ते मी दिलं. "तर नसतं कळलं."

तिने मान हलवली. रागावली असं वाटलं नाही. हिशेब तिला आधीच माहीत होता. "बरं वाटल्यावर विसरालही," ती म्हणाली. "ताप उतरला की ताप आठवत नाही माणसाला. किती दिवस म्हणाले ते?"

"नक्की नाही. दोन आठवडे. जास्तही लागतील."

तिने शेवटची घडी घातली, कपड्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि खुर्चीच्या हाताला धरून, आधी डोळे, मग मान, मग अंग, अशी उठली. पट्टीला हात लावत दारापर्यंत आली. बाहेर लांब बोळ होता, दोन्हीकडे भिंती, टोकाला रस्ता. मी चपला घातल्या. "मग बरं वाटेपर्यंत येत जा," ती म्हणाली.

मी येतो म्हणालो आणि निघालो. बोळ सरळसोट होता आणि पायांखालची फरशी अगदी सपाट. चार पावलं गेल्यावर मागे पाहिलं, तर ती दार धरून उभी होती, मला नीट जाता येतंय का ते बघत. मी पाय तिने शिकवले तसे जरा फाकवून टाकले, एक हात भिंतीला लावला, आणि तसाच, हळूहळू, भिंतीच्या कडेने चालत राहिलो.